दुखण्याला साडेपाच

डॉक्टरांनी मला गृहपाठ दिला. मला! एकतीस वर्षं दुसऱ्यांचे गृहपाठ तपासून जिच्या मानेचं आणि चष्म्याच्या नंबराचं वाटोळं झालं, त्या बाईला एका पस्तिशीच्या पोराने समोर बसवून सांगितलं, "मॅडम, एक डायरी करायची. रोज लिहायची. कंटाळा नाही करायचा हं." शेवटचा 'हं' तर अगदी माझाच होता. वर्गात मुलांना मी तसाच लावते.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी ओट्याखालचा कुकर काढायला वाकले. कुकर वर आला, मीही आले, पण कमरेचा उजवा भाग काही वर यायला तयार होईना. तेव्हापासून कमरेतून निघून टाचेपर्यंत जाणारी एक कळ माझ्याकडे मुक्कामाला आहे. पहिले दोन महिने मी तिला पाहुणी समजले. आता ती घरातलीच झालीये, आणि घरातल्या बाकीच्यांसारखीच माझं काही ऐकत नाही.

या चार वर्षांत मला कळलं, की डॉक्टर नसलेला एकही माणूस डोंबिवलीत राहत नाही. भाजीवाली म्हणाली, मेथीदाणे. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, गादी बदला. गादी बदलली, नव्या गादीवर तेच जुनं दुखणं झोपायला लागलं. नणंद मला खडवलीला एका हाडं बसवणाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने माझा पाय हातात घेतला, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि ओली चादर पिळावी तसा पिळला. वर विचारतो, "आता कसं वाटतंय?" मी म्हटलं, "छान." कारण पाय अजून त्याच्याच हातात होता. मग एमआरआय झाला. तो बघून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "वयानुसार आहे" असा शेरा मारला. वयानुसार! मी छप्पन्न वर्षांची आहे हो, शिलालेख नाही.

हे सगळं मी मुकाट्याने सोसत राहिले असते, पण जानेवारीत प्रकरण शाळेत पोहोचलं. आमच्या मुख्याध्यापिका माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ती खुर्ची आधी मला देऊ केली होती. मीच नको म्हटलं, कारण तिच्यात बसलं की शिकवणं सुटतं आणि सह्या सुरू होतात. तर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाल्या, "बाई, जिने चढताना तुम्हाला त्रास होतो म्हणे. जूनपासून तुम्ही पाचवी घ्या ना. तळमजला आहे. शिवाय वाचनालयाचे तास. अगदी आराम."

आमच्या शाळेत दहावीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट फक्त संस्थेच्या वार्षिक अहवालात आहे, 'प्रस्तावित' या शब्दाशेजारी. मी म्हटलं, "मग दहावीचा एक वर्ग खाली आणा. पाचवीची मुलं काय, उड्या मारत वर जातील."

"तसं संस्थेला विचारावं लागेल. संस्था कागद मागेल. म्हणजे डॉक्टरांचं पत्र, की बाई जिने चढू शकत नाहीत पण शिकवू शकतात. मार्च संपायच्या आत आणलंत तर बघू. नाहीतर मग पाचवी आहेच."

आता सरळच सांगते, मी घाबरले. पाचवीची मुलं वाईट नसतात, पण त्यांना बाई लागते ती डबा उघडून द्यायला. दहावीला मी लागते. एखादी कविता शिकवताना मागच्या बाकावरचा सगळ्यात उनाड पोरगा खिडकीतून मान वळवून माझ्याकडे बघतो ना, त्या एका क्षणासाठी मी तीन मजले चढत होते. त्या पंचेचाळीस मिनिटांत दुखत नाही असं नाही, पण दुखण्याकडे लक्ष द्यायला मला सवड नसते. तो वर्ग गेला की उरलेली दोन वर्षं मी आणि ती कळ, दोघीच.

म्हणून मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या त्या डॉक्टरांकडे गेले. ते नुसत्या दुखण्याचेच डॉक्टर. असे असतात हे मला माहीत नव्हतं. बाकीचे मग कशाचे असतात कोण जाणे. माणूस भला होता. ऐकून घेत होता, मधे मधे मान हलवत होता, पण पत्राचं नाव काढताच मान थांबली.

"मॅडम, नुसत्या बोलण्यावर मी पत्र देत नाही. सगळेच मागतात. तुम्ही सहा आठवडे डायरी ठेवा. कधी दुखलं, कुठे, काय करत होतात आणि शून्य ते दहामध्ये किती. झीरो म्हणजे काहीच नाही. टेन म्हणजे इमॅजिन करू शकाल तेवढं सगळ्यात जास्त. त्यावरून ठरवू."

म्हणजे माझी दहावी आता एका वहीवर अवलंबून होती. मी मनात म्हटलं, बाळा, वहीचंच म्हणशील तर तू योग्य माणसाकडे आलास.

आमच्या ह्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आहेत आणि घरात काहीतरी आखायला मिळावं म्हणून ते तडफडत असतात. त्यांनी एक कोरी डायरी शोधली, पट्टी घेतली, प्रत्येक पानावर रकाने आखले: वेळ, जागा, वर्णन, गुण. दोन दिवस ते इतके आनंदात होते की मला वाटलं, दुखणं मला झालंय ते यांच्या सोयीसाठीच. वर्णन मी निळ्या पेनाने लिहायचं ठरवलं आणि गुण लाल पेनाने. गुण दुसऱ्या रंगाने द्यायला माझा हात वळतच नाही.

इथे माझ्या तपासण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गणिताच्या बाई पैकीच्या पैकी वाटत सुटतात, त्यांचं ते गणित. भाषेत पैकीच्या पैकी नसतात. दहाचा निबंध अजून कोणी लिहिलेला नाही. नऊचा कोणी लिहिला तर मी राजीनामा देईन, कारण मग मला शिकवण्यासारखं काही उरणार नाही. आठ मी एकतीस वर्षांत एकदाही दिलेले नाहीत. सात म्हणजे उत्तम, ते दोन-तीन वर्षांतून एखाद्याला. साडेपाच-सहा म्हणजे हुशार मूल. पालक यायचे, "बाई, अर्धा मार्क वाढवा ना, टक्केवारी अडलीये." मी त्यांना पाणी द्यायचे आणि सांगायचे, "दिलेला मार्क मी बदलत नाही." स्टाफरूममध्ये माझ्यावर यावरून विनोद व्हायचे. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहेच.

तर हीच बाई दुखणं तपासायला बसली.

'सकाळी सव्वासहा. उठताना कंबर. ठणका. कालच्यासारखाच, नावीन्य नाही. चार.'

'दुपार, वर्गात. फळ्यावर लिहिताना मांडीतून कळ. सुरुवात आकर्षक, शेवट गुंडाळला. साडेचार.'

'संध्याकाळ. कणीक मळताना पोटरीत मुंग्या. विषयाला सोडून. तीन.'

'रिक्षा, खड्डा. कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. ओघ चांगला. साडेपाच.'

तुम्हाला वाटेल मी गंमत करत होते. अजिबात नाही. अत्यंत प्रामाणिकपणे, चष्मा पुसून, विचार करून मी हे गुण देत होते. दुखणं तेच तेच लिहायला लागलं की अर्धा मार्क कापायचे, पाठांतर करून आलेल्या मुलाचा कापते तसा. एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठणका एकसारखा चालू राहिला, जरा म्हणून थांबला नाही. त्याला मी साडेतीन दिले आणि शेजारी लिहिलं, 'पाल्हाळ.'

हे रोज संध्याकाळी चहाबरोबर डायरी वाचायचे, पेपर वाचल्यासारखी. एकदा म्हणाले, "अगं, सकाळी तू मोरीच्या दाराला धरून किती वेळ उभी होतीस. आणि चारच?"

"मग किती द्यायचे?"

"मी तर आठ दिले असते."

"तुम्ही सर्दीला नऊ देता. तुमचं काय घेऊन बसलात?"

यावर त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली तेव्हा त्यांनी मुलीला बंगळुरूहून बोलवायचं का अशी चौकशी केली होती, ते त्यांना आठवलं असावं.

पाचव्या आठवड्यात ते जिन्याचं झालं. मधली सुट्टी संपली होती, मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर पोहोचले आणि उजवा पाय एकदम परका झाला. म्हणजे होता, दिसत होता, पण माझा नव्हता. मग कळ आली. ती अशी आली की मला भिंत दिसेना. मी कठडा धरला आणि खाली बसले, पायरीवर, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. वरून खालून मुलं येत होती. आता दहावीच्या मुलांसमोर बाई जिन्यात बसलेली दिसणं म्हणजे काय! मी काय करावं? मी गठ्ठा मांडीवर ठेवला, भुवया चढवल्या आणि ओरडले, "जिन्यात पळतंय कोण? शर्ट आत! तू, केस किती वाढवलेस?" दहा मिनिटं मी तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला झापलं. बाईंनी आता जिन्यातच पहारा लावलाय अशी बातमी शाळाभर झाली. पुढचे चार दिवस कोणी जिन्यात पळलं नाही. मुख्याध्यापिकांनी शिस्तीबद्दल माझे आभार मानले.

घरी येऊन लिहिलं, 'जिना. पाय बधिर, मग तीव्र कळ. डोळ्यांपुढे अंधारी. खाली बसावं लागलं.' लाल पेन उचललं आणि बराच विचार केला. सात द्यावेत असं एकदा मनात आलं. पण सात म्हणजे उत्तम, आणि यात उत्तम काय होतं? सहा दिले. सहा आठवड्यांतला तो सर्वोच्च गुण होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ठाण्याला निघालो. ह्यांनी गाडी बोलावली होती. शिळफाट्याचा रस्ता खोदून ठेवलेला, त्यामुळे पोहोचेपर्यंत मी पर्समध्येच डायरी उघडून आणखी तीन नोंदी केल्या: पाच, पाच, सव्वापाच. दवाखान्यात हे बाहेर बसले आणि मी आत गेले.

डॉक्टरांनी पानं उलटली. त्यांचा चेहरा उजळत गेला. "मॅडम, एकदम फर्स्ट क्लास! इतकी व्यवस्थित डायरी मला आजपर्यंत कोणी दिली नव्हती."

काय सांगू, छप्पन्नाव्या वर्षी मी लाजले. पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ताठ बसले. त्यांनी मोबाइलवर काहीतरी हिशोब केला आणि हसून म्हणाले, "आणि गुड न्यूज आहे. ॲव्हरेज साडेचारच्याही खाली येतोय. सहाच्या वर एकदाही नाही. म्हणजे बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये आहे."

"आणि पत्र?"

"पत्र कशावर लिहू मॅडम? साडेचारवाल्या पेशंटना मी जिने चढा म्हणून सांगतो. स्नायू बळकट होतात. बाहेर बसलेत ना, त्यांच्या डायऱ्या बघा. आठ, नऊ. एकाने तर बारा लिहिलेत."

"दहापैकी बारा?"

"हो ना."

"आणि तुम्ही चालवून घेतलंत?"

बघा, म्हणजे माझी दहावी डोळ्यांदेखत चालली होती आणि मी त्या अनोळखी माणसाचे दोन मार्क कापायला निघाले होते. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं, की डॉक्टर, मला खूप दुखतं. चार शब्द. पण समोर माझ्याच अक्षरातली वही होती, माझ्याच लाल पेनाचे आकडे. आता काय अर्धा मार्क वाढवा म्हणून गयावया करू? आयुष्यभर ज्या पालकांना पाणी पाजून परत पाठवलं, त्यांच्या रांगेत उभी राहू? मी म्हटलं, "बरं." त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली आणि शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं.

आतल्या खोलीत हिरवा पडदा, एक उंच अरुंद पलंग आणि त्याच्या डोक्याकडे चेहरा घालायला भोक. सदतिसेक वर्षांची एक बाई पांढरा कोट घालून उभी होती. मला बघितलं आणि तिचे हात एकदम मागे गेले, फळ्याजवळ उभं केल्यासारखे. "बाई! ओळखलंत?"

या प्रश्नाला प्रत्येक शिक्षिकेकडे एकच उत्तर असतं. "हो तर! तू ती..."

"नाही ओळखलंत," ती हसली. "असू दे. एका वर्गात साठ मुलं होतो. पालथ्या झोपा."

मी पालथी झाले, चेहरा भोकात घातला. तिने कमरेला ओले गार पॅड लावले आणि मशीन चालू केलं. मुंग्यांचं वारूळ अंगावरून जावं तसं वाटलं. "पंधरा मिनिटं हलायचं नाही बाई," ती म्हणाली. मला फक्त फरशी दिसत होती आणि तिच्या निळ्या चपला. मग कागदाचा आवाज आला. माझी डायरी फाइलबरोबर तिच्या टेबलावर आली होती.

आधी ती खुदकन हसली. मग जोरात. "बाई, अजून तसंच! 'शेवट गुंडाळला'! 'पाल्हाळ'! अहो, दुखण्याला शेरे कोण देतं?"

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" मी फरशीला विचारलं.

"एक विचारू का? बाळंतपणाला किती दिले असते तुम्ही?"

मी खरंच विचार केला. मुलीच्या वेळी मला सव्वीस तास लागले होते. "साडेसहा," मी म्हटलं. "टाके धरून."

निळ्या चपला जागच्या जागी थांबल्या. पानं उलटल्याचा आवाज आला, मग थांबला. "आणि इथे, जिन्यात बसलात त्या दिवशी, सहा." आता ती हसत नव्हती. "बाई, सरांना हे माहीतच नाही. ते आकडे बघतात. त्यांना वाटतंय तुम्ही मजेत आहात. पत्र हवंय ना तुम्हाला? तुम्ही हे मार्क बदलून द्या, मी आत्ता आत घेऊन जाते."

आणि माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं. कमरेला वायरी लावलेल्या, चेहरा भोकात, तरीही. "दिलेला मार्क मी बदलत नाही."



"माहितीये बाई," ती म्हणाली. "मी आलेले एकदा तुमच्याकडे, स्टाफरूममध्ये. दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतर."

असे कितीतरी आले होते.

"निबंध होता, मी अनुभवलेला प्रसंग. मी बाबांवर लिहिलेलं. बाबांना कॅन्सर होता, मणक्यात उतरलेला. आम्ही कल्याणला चाळीत राहायचो, भिंती पातळ. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ते उशी दातांत धरायचे. उशीचा कापूस बाहेर आलेला. आई रोज टाके घालायची. तेच लिहिलेलं मी." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, गृहपाठ म्हणून दाखवावा तशी. "तुम्ही साडेचार दिले आणि खाली लिहिलंत, 'अतिरंजित. वास्तवाचं भान ठेवा.'"

मी आठवायचा प्रयत्न केला. देवाशपथ सांगते, सगळी ताकद लावून केला. उशी आठवेना, निबंध आठवेना, स्टाफरूमच्या दारात उभी राहिलेली मुलगी आठवेना. लाज वाटली ती याचीच जास्त वाटली. तिच्यासाठी ते वाक्य बावीस वर्षं टिकलं होतं आणि मी ते गठ्ठ्यातल्या एकेचाळिसाव्या पेपरवर, बहुतेक घड्याळाकडे बघत, लिहून मोकळी झाले होते.

"मग सांगितलं का नाहीस, की खरं आहे म्हणून?"

"सांगायलाच आलेले. तुम्ही पाणी दिलंत." चपला थोड्या हलल्या. "तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी बाई. घरी कोणाला असं दुखलेलं बघितलं नसेल तर खोटंच वाटतं ते."

माझं चुकलंच होतं. ते मी म्हटलंही, फरशीकडे बघत, नाक चोंदलेलं असताना जसं म्हणता येतं तसं. "चुकलं गं माझं." मला रडू येत होतं आणि पालथं झोपून रडलं की पाणी सरळ नाकातून येतं, हे ज्ञान मला त्या दिवशी प्राप्त झालं.

मग मी म्हटलं, "तुझ्या सरांना बोलाव."

"आत्ता? पॅड काढू द्या."

"आत्ता. उठले की माझा विचार बदलेल."

डॉक्टर आले. फरशीवर निळ्या चपलांशेजारी काळे बूट उभे राहिले. त्या बुटांना मी सगळं सांगितलं. की सकाळी उठायच्या आधी मी पलंगावर पाच मिनिटं स्वतःला तयार करते. की गेल्या दिवाळीपासून मी मोजे घातलेले नाहीत, कारण वाकता येत नाही. की अंगणवाडीतलं मूल चढतं तशी मी जिना चढते, एका पायरीवर दोन पाय, आणि वर पोहोचले की वर्गात जाण्याआधी भिंतीला डोकं टेकून उभी राहते, म्हणजे मुलांना चेहरा दिसू नये. की जिन्यात बसले त्या दिवशी मी मनातल्या मनात आईला हाक मारली, आणि आई जाऊन अकरा वर्षं झालीत. की मी मार्क कमी दिले. जाणूनबुजून नाही, पण दिले. "दुखतं डॉक्टर. खूप दुखतं. रोज दुखतं."

"आकडा?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"आठ," मी म्हटलं. "जिन्यात नऊ."

"हे मॅडम आधी का नाही लिहिलंत?" त्यांनी विचारलं. मी काय सांगणार होते कप्पाळ! ते बाहेर गेले, कुठेतरी प्रिंटर कुरकुरला, आणि थोड्या वेळाने तिने पत्र आणून पलंगाखाली, भोकाच्या खाली माझ्या डोळ्यांसमोर धरलं. सततच्या तीव्र वेदना. जिने चढणं टाळणं आवश्यक. उभं राहून शिकवण्यास हरकत नाही. तळमजल्यावरील वर्ग द्यावा. खाली सही, शिक्का. सवयीने मी त्यात शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या. दोन सापडल्या. तोंड उघडलं नाही.

म्हणजे दहावी मिळाली होती. जूनमध्ये पाचवीची पोरं धाडधाड तिसऱ्या मजल्यावर जातील आणि माझी साठ मुलं खाली बसतील, माझी वाट बघत. बाहेर हे माझी वाट बघत होते. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो सगळा अंगावर येईना, मधे काहीतरी अडकलं होतं.

तिने मशीन बंद केलं. एकेक पॅड सोडवायला लागली. हात उबदार होते, दुखऱ्या जागेजवळ आले की आपोआप हलके होत होते. ते कोणाच्या पाठीवर शिकले असतील, एवढं मला कळत होतं.

"बाबा तुझे?" मी विचारलं.

"त्याच मेमध्ये गेले. निकालाच्या आधी."

मी उठून बसले. आता तिचा चेहरा दिसत होता. कानाजवळ एक-दोन केस पांढरे झाले होते. जे तेव्हा, त्या स्टाफरूममध्ये विचारायला हवं होतं, ते मी आता विचारलं.

"खूप दुखायचं का गं त्यांना?"

ती वायरी गुंडाळत होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"लिहिलं होतं ना बाई मी."